किचनमध्ये हळद, मांडवात हलद

महापे म्हणजे आयडी कार्ड, एसी बस आणि नाइट शिफ्ट, एवढंच वाटतं तुम्हाला? मग लग्नसराईत रात्री आठनंतर तुम्ही तिथे कधी थांबलेला नाहीत.

सकाळी पावणेनऊला घणसोली स्टेशनबाहेर उभं राहून बघा. ‘मिलेनियम, मिलेनियम, मिलेनियम!’ असा पुकारा चालू असतो. मागे तीन, पुढे एक असे आपण शेअर रिक्षात कोंबले जातो. गळ्यात पट्टा, मांडीवर लॅपटॉपची बॅग, कानात हेडफोन. चार माणसं, चार प्लेलिस्ट, आणि शब्द एकही नाही. ठाणे-बेलापूर रोड ओलांडला की मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचेच्या बिल्डिंगा, त्यांच्या मागे पारसिकचे डोंगर. उतरायचं, सुटे द्यायचे, कार्ड पंच करायचं. संपलं महापे. मी जवळजवळ सहा वर्षं ह्या गावात असाच येत-जात होतो, आणि हे ‘गाव’ आहे हे मला रिक्षावाल्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

म्हणजे एकदा कळलं होतं, पण वाईट मूडमध्ये. २०११ चा मे महिना. रात्रीची शिफ्ट, साडेनऊचा कॉल, आणि आमची कॅब गावठाणाच्या तोंडाशी गाड्यांच्या गर्दीत अडकलेली. गल्लीत मांडव, लाइटिंग, आणि स्पीकरमधून येणारा असा काही ठेका की कॅबच्या काचा थरथरत होत्या. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला. ड्रायव्हरने मात्र एसी बंद करून काच खाली घेतली, स्टिअरिंगवर बोटं वाजवत दोन मिनिटं ऐकलं आणि खूश होऊन म्हणाला, “गाना फारला रं!”

गाणं फाडलं? कुणी? का? मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ही तारीफ होती.

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मला मोठ्या आवाजाचं वावडं मुळीच नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, आणि कॉलेजात असताना कट्टर मेटलहेड. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन बीकेसीत वाजवायला आले तेव्हा एसटीने रात्रभर प्रवास करून आलेल्या पोरांत मीही होतो. आमची एक भाषा होती. मॉश पिट, ब्रेकडाउन, ‘अप द आयर्न्स’. काळा टी-शर्ट दिसला की अनोळखी माणसालाही दोन बोटांची शिंगं दाखवायची, तो परत दाखवणार, झाली ओळख. घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि खरी गंमत तीच होती. फॅन मंडळींची भाषा ह्यासाठीच असते ना? आपण कोण हे आपल्याला कळावं, आणि बाकीच्यांना कळू नये.

ही थिअरी महाप्यात साफ झोपली.

झालं असं की २०१७ मध्ये आमच्या टीममध्ये एक मुलगा आला. अत्यंत शांत, इंग्लिश सफाईदार, मराठी एकदम बातम्यांसारखं. तीन महिने मला वाटत होतं हा पुण्याचा. एके दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचा फोन वाजला आणि साहेब उठून खिडकीशी गेले. तिथून जे ऐकू आलं ते निराळंच होतं. “हलदीला कोन हाय? दादूस हाय का? मंग येतंव मी!” आवाजाची पट्टी वेगळी, खांदे वेगळे, माणूसच वेगळा. परत येऊन बसला आणि म्हणाला, “क्षमस्व, घरचा फोन होता.” क्षमस्व! मी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, तू कुठला? त्याने काचेतून बाहेर बोट दाखवलं. “हा काय. इथला.”

त्याचं नाव इथे देत नाही. ह्या लेखापुरतं त्याला दादूसच म्हणू. तसेही ह्या पट्ट्यात सगळेच दादूस असतात.

इथला म्हणजे आगरी. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, तळवली, महापे, कोपरखैरणे, पावणे, तुर्भे अशी ही खाडी आणि डोंगर ह्यांच्या मधली गावं. ‘आगर’ म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. मीठ, भात आणि खाडीतली मासळी हे जुनं पोट. १९६० च्या दशकात एमआयडीसीने ठाणे-बेलापूर पट्टा घेतला, १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणारे पाच शेतकरी पोलीस गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. उलव्याजवळ ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या एअरपोर्टचं उद्घाटन झालं, त्याला ‘दिबां’चंच नाव हवं म्हणून ही सगळी गावं रस्त्यावर उतरली ती ह्याच हिशेबाने. आपण ज्या पार्किंगमध्ये गाडी लावतो तिथे कुणाचं तरी भात झोडपायचं खळं असणार, एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

तर हलद. दादूसने मला पहिला धडा दिला तो उच्चाराचा. आगरीत ळ नाही, त्याचा ल होतो. ण चा न. आणि शब्दाच्या मधला ड जाऊन र येतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा, वडापावचा वरापाव. गाणं फाडलं, चं ‘गाना फारला’. सहा वर्षांनी कॅबमधलं कोडं सुटलं! मला म्हणजे ‘मना’, इकडे म्हणजे ‘इकरं’. आणि नात्यांना शेवटी एक लाडका स: आयस, बापूस, दादूस. (मजा बघा, इंग्रजीला ळ येत नाही, त्यामुळे रेल्वेच्या इंग्रजी पाटीवरचं रबाले, नेरुल, तलोजा हे अगदी इथल्या म्हातारीच्या उच्चाराप्रमाणे आहे. चुकून का होईना, एक पाटी गावाच्या बाजूने बोलते.)

पण हलद हा नुसता उच्चार नाही. लग्नाच्या आदल्या रात्रीचा हा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा असतो. लग्नाला पाचशे, तर हलदीला हजार-दीड हजार. आणि त्याचा बाजार, त्याचे स्टार, त्याचे फॅन हे सगळं स्वतंत्र जग आहे. डिसेंबर ते मे भिवंडीपासून उरणपर्यंत हे फॅन फिरत असतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: कोन हाय? म्हणजे नवरा कोण, नवरी कोण हा प्रश्न नाही. गायला कोण, बॅण्ड कुठला, बेंजो कुणाचा. आपण पॅकेज विचारतो तितक्या सहजपणे ते हे विचारतात. दादूसच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आहे, त्यात फक्त हलदीच्या तारखा आणि बॅण्डची नावं. आमच्या कंपनीच्या कॅलेंडरपेक्षा अपडेटेड.

ह्या जगातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे गायक संतोष चौधरी. ‘दादूस’ हे संबोधनच त्यांचं आडनाव होऊन बसलंय. अंगावर बप्पीदांच्या थाटाचं सोनं, आणि हलदीत उभे राहिले की मांडव हातात. २०२१ मध्ये ते मराठी बिग बॉसच्या तिसऱ्या सीझनमध्ये गेले आणि ज्या घरांत आगरी माणूस कधी चहाला बसला नव्हता, त्या घरांतही दादूस हा शब्द पोहोचला. त्याच्या आधी विनायक माळीच्या आगरी कॉमेडी व्हिडिओंनी तो कॉलेजांत पोहोचवला होता. आज नागपूरचा पोरगासुद्धा मित्राला “काय दादूस” म्हणतो. उलट दिशेनेही वाहतूक आहे. ‘नादखुळा’ हा आमच्या कोल्हापूरचा शब्द, पण प्रशांत नाकती ह्या मुंबईकडच्या संगीतकाराने आपल्या लेबलला तेच नाव दिलं, आणि आता हलदीतली पोरं तो असा वापरतात जणू मिठागरातच पिकला. मी एकदा दादूसला सुनावलं, हा आमचा आहे. तो म्हणाला, “घेतला आम्ही. तुम्ही पण शेठ घ्या.”

शेठ! ह्या शब्दावर वेगळा लेख होईल. मांडवात प्रत्येक पुरुष शेठ असतो. गायक गाता-गाता नाव घेतो, अमुक शेठ, तमुक शेठ, नवऱ्याचे मामा, गावचे माजी सरपंच. ज्याचं नाव आलं तो नोट घेऊन पुढे येतो. बाहेरचे लोक ह्यावर हसतात. पैशाचा माज, जमिनीचे पैसे आले आणि उधळले, वगैरे. मीही हसायचो. मग लक्षात आलं की ह्या भागात दोन पिढ्या एका सरकारी यादीत ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणून लागलेल्या आहेत. दिवसभर कागदावर प्रकल्पग्रस्त असलेल्या माणसाला रात्री चारचौघांत माइकवरून शेठ म्हटलं, तर नोट निघणारच. माझ्या अप्रेझलमध्ये मला ‘रॉकस्टार’ म्हणतात तेव्हा मीही खूश होतोच की, आणि तिथे तर बेंजोसुद्धा नसतो.

बेंजोचं सांगायलाच हवं. हा अमेरिकन बॅन्जो नव्हे. चपटी लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारख्या कळा. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्याने तार छेडायची. ह्याचं मूळ जपानी. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइशोगोतो बनवलं, ते फिरत-फिरत आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायरला जोडला आणि नाव दिलं बेंजो. रवी जाधवने २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ह्या बेंजोवाल्यांवर हिंदी सिनेमा काढला होता. सोबतीला ढोलकी, ताशा, आणि ऑक्टोपॅड. हे ऑक्टोपॅड रोलंड कंपनीने १९८५ मध्ये काढलं, जगभर ड्रमर लोक वापरतात. पण त्यावर तो डुलता कोळी ठेका, होडीसारखा एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला झुकणारा, हा जगात फक्त ह्याच किनाऱ्यावर वाजतो. मी मेटलवाला, मला वाटायचं डबल बेसच्या पुढे काही नाही. गेल्या मे महिन्यात दादूसच्या चुलत भावाच्या हलदीला माझी मान आपोआप हलायला लागली तेव्हा मी जरा घाबरलोच.

त्या हलदीकडेच येतो.

दादूसने बजावलं होतं, लवकर ये, चार वाजता. मी ऑफिसमधून चालत गेलो. खरंच चालत. पार्कच्या गेटातून बाहेर पडायचं, ट्रेलर आणि टँकर चुकवत रस्ता ओलांडायचा, एमआयडीसीच्या शेड्सना वळसा घालायचा आणि आत शिरायचं. एकाला एक चिकटलेल्या तीन-चार मजली इमारती, मध्येच एखादं कौलारू घर, देऊळ, दारात सुकत घातलेले बोंबील. वास एकदम बदलतो. गल्लीच्या तोंडाला एलईडी स्क्रीनवाले वायरी ओढत होते. एकाच ताग्यातले पिवळे कुर्ते घातलेली पोरं खुर्च्यांना पांढरे कव्हर चढवत होती. मागच्या बाजूला मटणाचे टोप चढले होते आणि बायका तांदळाच्या भाकरी थापत बसल्या होत्या. माझ्या अंगावर अजून आयडी कार्ड होतं. एक काकू म्हणाल्या, “ते कार काढ रं बाला, इकरं पंच नाय कराचा.” कार म्हणजे काढ नव्हे, कार्ड. सगळा मांडव हसला. माझं वेलकम झालं.

आठ वाजता बॅण्ड लागला. आधी गणपती, मग कार्ल्याची एकवीरा आई. हा क्रम मोडायचा नाही, आगरी-कोळ्यांची ती कुलस्वामिनी आहे. त्यानंतर मात्र धम्माल. वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेटमधली नव्वदच्या दशकातली गाणी वाजली तेव्हा चाळिशीच्या पुढच्या बायकांनी मैदान घेतलं. यूट्यूबवरची नवी लागली तेव्हा पोरं आत घुसली. आणि फॅन मंडळी? ती नाचत नव्हती. स्टेजच्या डाव्या बाजूला बेंजोवाल्याच्या बोटांसमोर उभी होती, अगदी आपण गिटारिस्टसमोर उभे राहतो तशी. तो वरच्या पट्टीत गेला की एकजण ओरडायचा, “तोरला!” दुसरा: “फारला!” तिसरा नुसताच “बालाऽऽ!” आणि ह्या एका शब्दात कौतुक, प्रेम, धमकी सगळं यायचं. मी पण ओरडलो, “फाडला!” तिघांनी वळून माझ्याकडे बघितलं. दादूस कानात म्हणाला, “र. ड नाही.”

नंतर मला एक गोष्ट खटकली, म्हणजे आधी मजा वाटली आणि मग खटकली. ही पोरं एकमेकांत गाण्यांबद्दल बोलताना अस्सल आगरी बोलत होती. गाण्याचा विषय संपून कारच्या मायलेजचा निघाला की भाषा बदलायची, आपलं नेहमीचं मुंबई मराठी. परत बेंजो वाजला की परत आगरी. स्विच असावा तसं. दादूसला विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सांगायला लागला, की शाळेत ‘गारी’ म्हटलं की वर्ग हसायचा. बाईसुद्धा हसायच्या. दहावीपर्यंत त्याने घरीसुद्धा ळ बोलायची प्रॅक्टिस केली. “आरशासमोर, सिरियसली. बाळ, केळ, शाळा, काळा.” इंटरव्ह्यूला कुठला असं विचारलं तेव्हा त्याने ठाणे सांगितलं. आमच्या ऑफिसात एकदा एथनिक डेला काही मंडळी गुडघ्यापर्यंत लुंगी आणि डोक्याला रुमाल बांधून ‘कोळी डान्स’ करत होती, मधेच कुणीतरी मुद्दाम चिरक्या आवाजात “क रं दादूस” केलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या होत्या. तो तेव्हा वॉशरूमला गेला होता असं मला आठवत होतं. “वॉशरूम नाय,” तो म्हणाला. “खाली उतरलो होतो. गावात येऊन चहा प्यायलो.”

मी काय बोलणार? मी स्वतः पुण्यात दोन वर्षांत ‘लई’ सोडून ‘खूप’ धरलेला माणूस. पण मला आईशी फोनवर बोलायला तरी निमित्त लागत नाही. ह्या पोरांना आपल्या आजीच्या भाषेत बोलायला बेंजो लागतो.

आणि इथेच माझी फॅनच्या भाषेची थिअरी झोपली. आम्ही मेटलवाल्यांनी शब्द मासिकांतून उचलले होते, घरच्यांपासून वेगळं दिसायला. इथे उलटं आहे. स्लँग म्हणून जे मिरवलं जातं ते घरातलंच आहे, फक्त घरात बोलायची सवय गेली म्हणून मांडवात येऊन बोलायचं. बाहेरच्याला वाटतं ही पोरं टपोरीगिरी करतायत. ‘मना’, ‘इकरं’ आणि ‘बापूस’ मात्र ह्या किनाऱ्यावर फार जुने आहेत. ग्रीअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये छापला, त्यात आगरीची नोंद आहे. भिवंडीजवळ काल्हेरला २०१८ मध्ये काही तरुणांनी आगरी शिकवायची शाळा भरवली. आपलीच बोली शिकायला क्लास! पण त्यांचं बरोबर होतं, कारण गाण्यांतून येतं ते किती? नातं, दागिने, होडी, पोरीचं रूप, दारू, एकवीरा आणि नाद नाय कराचा. शंभर-दीडशे शब्द फारतर. भाताच्या, मिठाच्या, भरती-ओहोटीच्या शब्दांना ऑक्टोपॅडवर जागा नाही.

बरोब्बर दहाला माइक बंद झाला. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. पूर्वी कोण पाळत नव्हतं, आता गस्तीची गाडी येऊन उभी राहते, शिवाय समोरच्या टॉवरमधून फोनही जातो. (२०११ मध्ये मी टॉवरमध्ये राहत असतो तर पहिला फोन माझाच.) समाजाच्या बैठकांतूनही आता दारू आणि डीजे आवरा, हलदीचा खर्च आवरा असं सांगितलं जातंय, आणि कर्ज काढून हलद करणारी घरं बघितली की ते पटतं. फॅन मंडळींना पटत नाही. ती गाड्यांत बसून पुढच्या हलदीच्या तारखा लावत होती.

स्पीकर बंद झाल्यावर दोन मिनिटं कानात नुसतं सूं सूं होतं. मग घराच्या आतून काहीतरी ऐकू आलं. चार-पाच बायकांचा आवाज, एकीने उचलायचं, बाकीच्यांनी मागून ओढायचं. ना ठेका, ना बेंजो. संथ, जवळजवळ एकाच सुरात. मी विचारलं, हे कधी सुरू झालं? दादूस म्हणाला, “दुपारपास्नं चालूच आहे. बॅण्डमुळे कळलं नाही.”

आत दादूसची आजी बसली होती. धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी म्हणणारी, किंबहुना पूर्वी लग्नच लावणारी बाई. त्या गाण्यांना म्हणतात धवले. शाळेत मराठीच्या पुस्तकात आपण एक ओळीत शिकलो होतो, तेराव्या शतकातली महदंबा, मराठीतली आद्य कवयित्री, तिचे ‘धवळे’. लग्नातलीच गाणी ती. मार्कांपुरता पाठ केलेला तो शब्द इथे ळ चा ल होऊन जमिनीवर मांडी घालून बसला होता, कपाळाला हळद लावून. मला रॉनी जेम्स डिओ आठवला. १९७९ मध्ये ब्लॅक सबाथमध्ये आला आणि आम्ही सगळे मेटलवाले करतो ती दोन बोटांची शिंगं त्यानेच लोकप्रिय केली. कुठून शिकलास विचारलं तर तो सांगायचा, माझ्या इटालियन आजीकडून. ती दृष्ट लागू नये म्हणून असं करायची. म्हणजे शेवटी त्याचीही आजीच निघाली.

“बस रं बाला, उबा कशाला हास?” आजी म्हणाल्या. मी बसलो. तुमच्याकडून कोण शिकतंय हे, असं विचारलं. त्यांनी दाराकडे मान उडवली. “पोरी येतान, फोटू काढतान, जातान. शिकाला कोनी नाय येत.” तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस नाही आला असं सांगावं तसं. दादूसची पुतणी, वय वर्षं नऊ, सीबीएसई, आजीच्या मांडीला टेकून मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. ही मघाशी बॅण्डसमोर जबरदस्त नाचली होती आणि तिला दादूसची सगळी गाणी तोंडपाठ होती, एकूण एक ‘हलद’ आणि ‘मना’ सकट. आजी पुढचा धवला लागल्या. त्यात कुठेतरी एक शब्द आला आणि पोरीने रेकॉर्डिंग थांबवलं.

“आजी, खाजन म्हणजे काय गं?”

आजी गाणं तोडून तिच्याकडे बघत राहिल्या. मग दादूसकडे बघितलं. त्याने मान खाली घातली, मला वाटतं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथे येऊन जातं ती खाडीकाठची जमीन, बांध घालून पिकवायची. आजींचं माहेर कोपरखैरण्याचं, तिथे त्यांच्या वडिलांचं होतं.

“खाजन?” त्या म्हणाल्या. “तुजी शाला हाय ना, ती उबी हाय तो खाजन.”

पोर खुदकन हसली. “शाला नाही गं आजी,” ती म्हणाली, “शाळा.” आणि परत रेकॉर्डचं बटण दाबलं.